पाठलाग न करणारा अ‍ॅडमिरल

दुसऱ्या महायुद्धातला सर्वांत थोर नौसेनानी कोण, हा विषय निघाला की आधी जपानच्या यामामोतोचं नाव येतं, मग अमेरिकेच्या निमिट्झचं, हॅल्सीचं. माझ्या यादीत पहिला क्रमांक अमेरिकेच्याच रेमंड स्प्रूअन्सचा. हा माणूस कमी बोलायचा, वार्ताहरांना टाळायचा आणि डेकवर तासन्‌तास चालत राहायचा. अशा माणसाच्या आख्यायिका होत नाहीत.

मे १९४२च्या अखेरीस हॅल्सी त्वचारोगानं इस्पितळात पडला. आपल्या जागी त्यानं सुचवलं ते क्रूझरची तुकडी सांभाळणाऱ्या स्प्रूअन्सला, ज्याला विमान चालवता येत नव्हतं. हाती आल्या एंटरप्राइज आणि हॉर्नेट या दोन विमानवाहू नौका. ४ जूनला मिडवेजवळ जपानी ताफा दिसल्याची खबर आली, तेव्हा तो विमानांच्या पल्ल्यात जेमतेम येत होता. आणखी जवळ जावं, तर पहिला घाव जपानचा बसणार. स्प्रूअन्सनं सातच्या सुमारास विमानं सोडायला सांगितलं. पण उड्डाणं रेंगाळली. वर गेलेली विमानं घिरट्या घालत इंधन जाळत राहिली. पावणेआठला त्याचा हुकूम सुटला : बाकीच्यांसाठी थांबू नका, निघा. किंमत मोठी पडली. हॉर्नेटच्या पाणतीर टाकणाऱ्या तुकडीची पंधराच्या पंधरा विमानं पडली आणि तीस जणांतला एकच वाचला. साडेदहाच्या आत-बाहेर मात्र एंटरप्राइज आणि फ्लेचरच्या यॉर्कटाउनच्या डाइव्ह बॉम्बरांनी अकागी, कागा आणि सोर्यू या जपानी विमानवाहू नौका काही मिनिटांत पेटवून दिल्या. संध्याकाळी उरलेल्या हिर्यूची तीच गत झाली.

इथवरच्या श्रेयात वाटेकरी बरेच : जपानी संकेतलिपी फोडणारे, त्यांच्यावर विश्वास टाकणारा निमिट्झ, यॉर्कटाउन निकामी झाल्यावर स्वतः ज्येष्ठ असूनही सूत्रं सोपवणारा फ्लेचर. रात्रीचा निर्णय मात्र एकट्या स्प्रूअन्सचा. चार नौका गमावलेला शत्रू पश्चिमेला होता आणि हा आपला ताफा घेऊन पूर्वेकडे वळला! मागाहून यावरून कुजबुज झाली. पण यामामोतो यामातो ही महाकाय युद्धनौका घेऊन रात्रीच्या लढाईची आस धरून येत होता, आणि रात्रीच्या लढाईत जपान्यांचा हात धरणारं तेव्हा कुणी नव्हतं.

जून १९४४मध्ये सायपानपाशी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. जपानी सेनानी ओझावा नऊ विमानवाहू नौका घेऊन आला. रात्रीच पुढे सरकून त्याला गाठू या, असा विमानवाहू नौका सांभाळणाऱ्या मिट्शरचा आग्रह. स्प्रूअन्स नाही म्हणाला. बेटावर फौज उतरली होती, तिला उघडं टाकून जाणं त्याला मान्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी जपाननं तीनशेवर विमानं गमावली. सहा विमानवाहू नौका निसटल्या म्हणून त्याच्यावर टीका झाली, पण वैमानिकच उरले नाहीत तर त्या नौकांचं करायचं काय?

चार महिन्यांनी फिलिपिन्सपाशी यांतल्याच चार नौका आमिष म्हणून पुढे आल्या. तेव्हा अमेरिकेची जहाजं जवळपास तीच होती, सेनापती तेवढा बदललेला. स्प्रूअन्सकडे असताना पाचवं आरमार, हॅल्सीकडे गेलं की तिसरं. हॅल्सी हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागला आणि सान बर्नार्डिनोची सामुद्रधुनी मोकळी पडली. २५ ऑक्टोबरला सामारजवळ जपानी सेनानी कुरिताच्या चार युद्धनौकांसमोर उभ्या राहिल्या त्या सहा छोट्या विमानवाहू नौका आणि सात विनाशिका. त्या ज्या त्वेषानं लढल्या त्याला तोड नाही, आणि शेवटी कुरिताच माघारी वळला. नशीब हॅल्सीचं. त्याला १९४५च्या डिसेंबरात पाचवा तारा मिळाला, स्प्रूअन्सला कधीच नाही. मी हॅल्सीला पहिल्या पाचात घेत नाही.

दुसरा ब्रिटनचा बर्ट्रम रॅम्सी. १९३८मध्ये निवृत्त झालेल्या या माणसाला परत बोलावलं गेलं. डोव्हरच्या किल्ल्याखालच्या भुयारांत बसून त्यानं डंकर्कहून ३,३८,२२६ सैनिक सोडवले, आणि चार वर्षांनी नॉर्मंडीला सुमारे सात हजार लहानमोठी जहाजं नेण्याची आखणीही त्याचीच. तिसरा निमिट्झ, माणसं हेरण्यात त्याचा हातखंडा. चौथा ब्रिटनचाच कनिंगहॅम : तारांतो बंदरावर त्यानं २१ जुनाट दुपंखी विमानं पाठवून इटलीच्या तीन युद्धनौका निकामी केल्या.

पाचव्या जागी यामामोतो हवा, असं बरेच म्हणतील. पण मिडवेला त्यानं आपलं बळ विखरून टाकलं, दोन विमानवाहू नौका तर अल्युशियन बेटांकडे धाडल्या. त्यापेक्षा मी ब्रिटनच्या सॉमरव्हिलला घेईन. एप्रिल १९४२मध्ये जपानचा नागुमो श्रीलंकेवर चालून आला, तेव्हा सॉमरव्हिलनं दिवसाउजेडी टक्कर टाळली आणि मग वेगवान जहाजं मुंबईला आणली. हर्मीस या विमानवाहू नौकेला त्रिंकोमालीला धाडण्याची चूक त्याच्या नावावर आहेच. नाही तर तो आणखी वर असता.