जुना डेस्कटॉप पळवायचाय? आधी हे वाचा!

मलप्रभेचं उगमस्थान असलेली कणकुंबी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचावर आहे. याचा कॉम्प्युटरशी काय संबंध? आहे! हार्ड डिस्कचं हेड तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. हवा विरळ झाली की ते खाली येऊ लागतं. म्हणून साध्या हार्ड डिस्कला साधारण ३,००० मीटरची मर्यादा घातलेली असते. कणकुंबीकरांना उंचीची चिंता नाही. चिंता आहे ती ताटकळण्याची.

तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तरी हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद लागतात आणि हेड सरकायला आणखी ८-९. विखुरलेल्या फायली वाचायच्या तर सेकंदाला शंभर जागाही गाठून होत नाहीत! हार्ड डिस्कच्या जागी बसवायच्या एसएसडीत काहीच फिरत नाही, ती सेकंदाला हजारो जागा वाचते. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो बारीक फायली लागतात. आपण मात्र बिचाऱ्या प्रोसेसरला दोष देतो.

१९५६ साली आयबीएमच्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंची ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर, आणि मावायचं किती? चार एमबीसुद्धा नाही! १९८७ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओकांनी आजच्या एसएसडीचा पाया असलेली नँड फ्लॅश मेमरी जगापुढे ठेवली. १९९१ मध्ये सनडिस्क कंपनीनं आयबीएमला २० एमबीची एसएसडी दिली, किंमत सुमारे हजार डॉलर. या कंपनीच्या संस्थापकांत कानपूरचे संजय मेहरोत्रा होते.

आता खरेदी. दुकानात सेकंदाला ७,००० एमबीची एनव्हीएमई एसएसडी दाखवतील. मोह टाळा! जुन्या मदरबोर्डवर एम.२ची खाच नसते. वेगळ्या कार्डावर बसवली, तरी जुना बायोस बहुधा तिच्यावरून विंडोज सुरूच करत नाही. अडीच इंची साटा एसएसडी घ्या. साटा-३ची मर्यादा ६०० एमबी, साटा-२ची ३००. बोर्ड साटा-२चा असला तरी नाउमेद होऊ नका. बारीक फायलींना ३०० एमबीसुद्धा पुरून उरतात, फरक पहिल्याच दिवशी कळतो. बायोसमध्ये आयडीई मोड असेल तर मात्र आधी एएचसीआयची तजवीज करा. विंडोजला तयार न करता मोड बदलला तर ती सुरूच होणार नाही.

लिहून लिहून एसएसडी झिजते, हे खरं. पण ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला ३०० टीबी लिखाणाची हमी असते. रोज ४० जीबी लिहिलं तरी वीस वर्षं! स्वस्तातल्या क्यूएलसी प्रकारात एका पेशीत विद्युतभाराच्या सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात, त्यामुळे मोठी फाईल उतरवताना ती रेंगाळते. थोडे जास्त पैसे देऊन टीएलसी घ्यावी, हे माझं ठाम मत.

खानापूर-बेळगावकडे लग्नपत्रिका छापणाऱ्यांनो, तुमच्यासाठी खास! जुन्या श्रीलिपीचे फॉन्ट आणि वर्षानुवर्षांच्या फायली सांभाळायच्या असतील तर नव्यानं विंडोज टाकण्याऐवजी डिस्कचं क्लोनिंग करा, आहे तो संसार तसाच नव्या घरी येतो. विंडोज १०चा आधार मात्र १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीन ११ला पात्र नसेल तर लिनक्सचा विचार करायला हरकत नाही.

एसएसडी बिघडण्याआधी हार्ड डिस्कसारखी कटकट करतेच असं नाही, आणि पुसलेली फाईल ट्रिममुळे सहसा परत मिळत नाही. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना ठेवली तर भार गळून डेटा जाऊ शकतो. त्यामुळे जुनी हार्ड डिस्क टाकू नका, फोटोंची एक प्रत तिच्यावर ठेवा. आणि घाटमाथ्यावरच्या पावसात वीज जाते, तेव्हा यूपीएस हवाच.

खरेदीसाठी बेळगाव गाठण्यापूर्वी कॅबिनेट उघडून बघा. साटाचा पोर्ट रिकामा आहे का? पॉवरची चपटी पिन आहे, की जुनी चार पिनांचीच? तशी असेल तर कन्व्हर्टर लागेल. साटा केबल बहुधा खोक्यात नसते, वेगळी मागून घ्या. ब्रॅकेट नाही मिळालं तरी अडत नाही. पन्नासेक ग्रॅमची ती वडी दोन स्क्रूंवरही पक्की बसते.