झाड आलं, गोतावळा मागे राहिला

२०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने रेशनकार्डावर शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. रवा, हरभरा डाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. शंकरपाळे तळून झाले, पिशवी कचऱ्यात गेली. रेशनच्या रांगेत ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे तेल नवं नाही. थंडीत बाटलीत गोठून बसणारं, नाक मुरडत घरात आणलेलं आणि तरी महिनाअखेर तळाला गेलेलं. तेल इतकं घरचं, पण ते ज्या झाडाचं आहे ते झाड आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिलेलं आहे.

हे झाड, ऑईल पाम, मूळचं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं. १८४८ मध्ये डचांनी त्याची चार रोपं जावा बेटावरच्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली. दोन आम्स्टरडॅममार्गे आलेली, दोन हिंदी महासागरातल्या बेटांवरून. पुढे त्यांची संतती सुमात्रातल्या देली भागात तंबाखूच्या मळ्यांच्या वाटांवर शोभेसाठी उभी राहिली. तेलासाठी मळे लावायची सुरुवात सुमात्रात १९११ मध्ये आद्रिएं हाले या बेल्जियन माणसाने केली आणि मलायात १९१७ मध्ये आंरी फोकोन्ये या फ्रेंच मळेवाल्याने. (या फोकोन्येने पुढे मलायावर कादंबरी लिहिली आणि १९३० चं गोंकूर पारितोषिक मिळवलं. मळेवाल्यांत असा माणूस विरळाच.) आग्नेय आशियातला हा अवाढव्य उद्योग अनेक दशकं मुख्यतः त्या चार रोपांच्या वंशावर उभा राहिला.

आणलं ते नुसतं झाड. त्याचे भाऊबंद, त्याच्या फुलांवर जगणारे किडे, त्याच्या सवयींचा पाऊस, हा सगळा गोतावळा आफ्रिकेतच राहिला. ऑईल पामवरचं गेल्या शंभर वर्षांतलं संशोधन मला तरी एकच काम वाटतं: मागे राहिलेल्यांपैकी कोण कोण लागतं ते ओळखायचं, आणि जमेल त्याला उशिरा का होईना बोलावून घ्यायचं.

पहिलं बोलावणं कवचापायी गेलं. ऑईल पामचं फळ सालीसकट सुपारीएवढं, पिकल्यावर लालसर नारिंगी. आडवं कापलं की बाहेर तेलकट, धाग्यांचा गर, आत काळं टणक कवच आणि त्याच्याही आत पांढरा मगज. देलीची झाडं ‘ड्युरा’ जातीची, म्हणजे जाड कवचाची. कवचाने जागा अडवली की तेवढा गर कमी, तेवढं तेल कमी. आफ्रिकेत ‘टेनेरा’ नावाची पातळ कवचाची झाडं होती, पण त्यांचं बी पेरलं की सरमिसळ उगवायची. काही जाड कवचाची, काही पातळ, तर काही बिनकवचाची ‘पिसिफेरा’. ही शेवटची बहुतेक वांझ, घड पिकण्याआधीच कुजून जायचे. म्हणून तिला कोणी विचारत नसे.

बेल्जियन काँगोतल्या यांगंबी केंद्रावर बर्नार्ट आणि व्हांडरवेयन यांनी त्या सरमिसळीत कोणती झाडं किती निघतात याचा हिशोब मांडला. तो एकास दोनास एक असा निघाला, मेंडेलच्या वाटाण्यांसारखा. १९४१ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की टेनेरा ही वेगळी जात नसून ड्युरा आणि पिसिफेरा यांचा संकर आहे आणि सगळा खेळ एका जनुकाचा आहे. आई ड्युरा आणि बाप पिसिफेरा घेतला की सगळी संतती टेनेरा, आणि घडामागे सुमारे ३० टक्के जास्त तेल. जिला टाकाऊ म्हणून कोणी जवळ करत नव्हतं, तिच्याशिवाय पुढे पानही हलेना. आईचं घराणं देलीत तयारच होतं, बाप मात्र आफ्रिकेतून आणावा लागला. युद्धाच्या धामधुमीत छापलेला हा निष्कर्ष मळ्यांपर्यंत पोचायला वीसेक वर्षं लागली. हे कवचाचं जनुक नेमकं कोणतं, ते मलेशियन पाम तेल मंडळाच्या शास्त्रज्ञांनी एका अमेरिकन कंपनीबरोबर २०१३ मध्ये शोधून काढलं. तोवर रोपवाटिकेतून चुकून ड्युरा आला तर ते लावल्यानंतर तीनेक वर्षांनी, फळ धरल्यावर कळायचं. आता रोपाच्या पानावरून कळतं.

दुसरं बोलावणं किड्याला गेलं, आणि या सगळ्या इतिहासातला माझा आवडता भाग तो. मलेशियात घड नीट भरत नसत. पुस्तकात लिहिलेलं होतं की या झाडाचं परागण वाऱ्याने होतं. वारा कमी पडतो असं म्हणून मळेवाल्यांनी माणसं लावली. पराग शंखजिऱ्याच्या पुडीत मिसळायचे आणि फुलोऱ्याफुलोऱ्यावर ते फुंकत फिरायचं, वर्षभर. युनिलिव्हरमधले लेस्ली डेव्हिडसन मात्र कॅमेरूनमध्ये राहून आले होते. तिथल्या फुलोऱ्यांवर त्यांनी बारीक किड्यांची झुंबड पाहिली होती आणि तिथे कोणी पुड्या फुंकत नव्हतं. पुस्तक खरं की डोळे खरे, हे ठरवायला त्यांनी रहमान सय्यद या पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञांना गाठलं.

सय्यद कॅमेरूनला गेले आणि फुलोऱ्यांशी बसून राहिले. ऑईल पामच्या नरफुलांना बडीशेपेसारखा वास येतो. त्या वासावर तीन-चार मिलिमीटरचा एक सोंडकिडा येतो, नरफुलांवर खातो, तिथेच अंडी घालतो. मादीफुलंही उमलताना तोच वास सोडतात. किडा फसतो, अंगावर पराग घेऊन तिथे जातो, काही मिळत नाही म्हणून परततो. तेवढ्यात झाडाचं काम झालेलं असतं. कोकणातला माडवाला सोंड्या भुंग्याचं नाव काढलं तरी कपाळाला हात लावतो. इथे सोंड्याचाच एक धाकटा भाऊबंद बागायतदाराचा कैवारी निघाला. हा किडा दुसऱ्या पिकावर जगत नाही याची खात्री करून घेतल्यावर १९८१ मध्ये तो मलेशियात सोडला. वर्ष-दीड वर्षात तो द्वीपकल्पभर पसरला, घड भरू लागले आणि पुड्या फुंकणारे हात मोकळे झाले. त्या हातांचं पुढे काय झालं, हे अहवालांत फारसं येत नाही.

प्रयोगशाळेतली हुशारी इतकी सरळ फळली नाही. उत्तम झाडाच्या ऊतीपासून हजारो हुबेहूब रोपं करायची युक्ती सत्तरच्या दशकात हाती आली. ऐंशीच्या दशकात त्यातल्या काहींना विद्रूप, बुरखा घातल्यासारखी फळं येऊ लागली आणि घड वाया जाऊ लागले. जनुकं तीच, मग बिघडलं काय? उत्तर २०१५ मध्ये मिळालं. जनुकाच्या आत बसलेल्या ‘कर्मा’ नावाच्या एका तुकड्यावरची रासायनिक खूण पुसली गेली की फळ बिघडतं. शास्त्रज्ञांनी त्या अवस्थेला ‘बॅड कर्मा’ म्हटलं. आपल्या आजीनेही याहून वेगळं म्हटलं नसतं.

तेलाचं गणित जसं जमत गेलं तशी जंगलं मागे सरत गेली. कोह आणि विल्कोव्ह या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलं की १९९० ते २००५ या काळात मलेशिया आणि इंडोनेशियात वाढलेल्या लागवडीतली निम्म्याहून अधिक जंगल तोडून झाली. भुईमूग-सोयाबीनच्या कितीतरी पट तेल हेक्टरी देणारं पीक, म्हणून जमीन वाचेल, असा युक्तिवाद कागदावर चोख होता. पण जे पीक इतका पैसा देतं ते जमीन वाचवायला कोण लावतो?

आपल्याकडे झाड कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात १८८६ मध्येच आलेलं. मोठी लागवड मात्र १९७१ पासून केरळात आणि १९७६ पासून लिटल अंदमानात झाली. १९८८ मध्ये चढ्ढा समितीने देशात ५.७५ लाख हेक्टर जमीन या पिकाला योग्य ठरवली. यादीत महाराष्ट्र आणि गोवाही होते. सिंधुदुर्गात, गोव्यातल्या सत्तरीत बागा उभ्या राहिल्या. २०१२ च्या समितीने आकडा १९.३ लाखांवर नेला, २०२० च्या पाहणीने २८ लाखांवर. २०२१ मध्ये केंद्राचं ११,०४० कोटींचं पामतेल अभियान जाहीर झालं तेव्हा प्रत्यक्ष लागवड ३.७० लाख हेक्टर होती. योग्य जमीन समितीगणिक वाढत गेली, झाडं काही त्या वेगाने वाढली नाहीत.

कारण पाण्यात आहे, आणि ते कळलं तेही झाडाशी बसूनच. ऑईल पाम पावसाचे मिलिमीटर मोजत नाही, महिने मोजतो. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटर कोसळतो, पण चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाड ताण सोसतं. ताणात त्याला मादीऐवजी नरफुलोरे जास्त येतात आणि तो हिशोब घडांत दिसायला दोनेक वर्षं जातात. बागायतदार यंदाच्या खताला दोष देतो, चूक तेव्हाच्या उन्हाळ्यातली असते. शिवाय घड तोडला की चोवीस तासांत गिरणीत पोचायला हवा, नाहीतर गरातलं आम्ल वाढून तेल बिघडतं. आंध्रात गोदावरीच्या काठी पाणीही होतं आणि गिरण्याही आल्या. १९९५ मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र तिथेच, पेदवेगीला निघालं. आज देशातलं बहुतेक उत्पादन आंध्र-तेलंगणातून येतं.

ईशान्येत पाऊस आहे, तर प्रश्न वेगळे. मिझोराममध्ये डंपा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात जयदेव मंडल आणि टी. आर. शंकर रामन यांनी पक्षी मोजले. २०१६ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा की ज्या झूम, म्हणजे फिरत्या, शेतीला आपण जंगलाची वैरीण म्हणत आलो, तिच्या पडीक रानात ऑईल पामपेक्षा जास्त रानपक्षी राहतात. अभियानाचा भर मात्र ईशान्येवरच आहे.

पुण्याचं नाव मी मुद्दाम मागे ठेवलं. १९४७ ते १९५९ या काळात तिथल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने आफ्रिकन ड्युराची झाडं पुण्याच्या आसपास कालव्यांच्या बांधांवर, परसांत, थोडी वनजमिनीतही लावली. जागा विचार करून निवडलेली. कालव्याकाठी पाण्याचा प्रश्न नाही. नरफुलोरे उमलले की त्या बांधांवर बडीशेपेचा वास सुटत असणार. तो ओळखणारा सोंडकिडा भारतात, केरळात, आला १९८५ मध्ये.