पाटी खाली ठेवू नये
विश्वासाची शाळा : लेखांक 6

मागच्या आठवड्यात आपण रविवारच्या शाळेतल्या मुलांविषयी बोललो. आज त्यांच्या आईवडिलांविषयी आणि आजी-आजोबांविषयी.

सोयाबीन पावसात भिजून काळे पडले आहे. रात्री जेवताना आठवीतली मुलगी विचारते, "बाबा, देव चांगला आहे ना, मग आपलंच पीक का गेलं?" बाबांनी पंधराव्या वर्षी बाप्तिस्म्यासाठी अभ्यास केला होता. त्यानंतर रविवारचे संदेश ऐकले, पण स्वतः काही उघडून वाचले नाही. त्यांच्याकडे उत्तरही त्याच वयाचे आहे : "असं विचारू नये." ईयोबाने हाच प्रश्न देवालाच विचारला होता आणि शास्त्राने तो जपून ठेवला आहे, हे बाबांना ठाऊक असते तर बापलेक त्या रात्री एकत्र वाचायला बसले असते.

आपली अडचण नेमकी इथे आहे. प्रश्न वयाबरोबर वाढतात, ज्ञान मात्र बाप्तिस्म्याच्या किंवा दृढीकरणाच्या दिवशी थांबते. येशूच्या मागे जाणाऱ्यांना आपण 'शिष्य' म्हणतो, आणि शिष्य म्हणजे शिकणारा. पौलाने उतारवयात, तुरुंगातून तीमथ्याला निरोप धाडला, तेव्हा झग्याबरोबर पुस्तके आणि चर्मपत्रेही मागवली. मरण समोर दिसत असतानाही त्याला वाचायचे होते.

आपल्या मराठी मंडळीचा पायाही अशाच माणसांनी घातला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले तेव्हा त्या पन्नाशीकडे झुकल्या होत्या. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती, म्हणून त्या स्वतः त्या भाषांच्या अभ्यासाला बसल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये या छपाईचे काम तिथल्या स्त्रियाच करत. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी रमाबाईंनी मुद्रिते तपासणे सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, आणि त्यांचे बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

लक्ष्मीबाई टिळकांना तर अक्षरओळखच लग्नानंतर झाली. त्यांच्या पतीने, टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला 1900 मध्ये, स्वतःच्या मनाशी झगडून, स्वतः पटल्यावर. पतीच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनीच पूर्ण केले.

आपल्या भागात, खामगाव, मलकापूर, बुलडाणा इथे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलायन्स मिशनचे काम सुरू झाले. तेव्हा शिकवणारे बाहेरून आले. आज तसे कोणी येणार नाही. एका पाळकाच्या वाट्याला कधी कधी दोन-तीन गावे येतात, तो दर घरी पोचणार कसा? शेजारी विचारतो, "तुमचे देव तीन की एक?" याचे उत्तर ओट्यावर बसलेल्या माणसालाच द्यावे लागते.

सुरुवात सोपी आहे. मार्कचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे. आठवड्याला एक अध्याय घेतला तर चार महिन्यांत पुरे होते. चार-पाच घरांनी एकत्र बसावे. आजीला वाचता येत नसेल तर नातवाने वाचावे, आजीने प्रश्न विचारावेत, कारण आयुष्य तिने जास्त पाहिले आहे. जे कळले नाही ते कागदावर लिहून पाळकांना द्यावे, आणि पाळकांनीही "बघून सांगतो" म्हणायला संकोचू नये. बिरुयाचे लोक खुद्द पौलाचे बोलणे रोज शास्त्राशी ताडून पाहत, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचे कौतुकच केले आहे.

त्या आठवीतल्या मुलीला आज पूर्ण उत्तर मिळेलच असे नाही. पण "चल, मलाही माहीत नाही, दोघं मिळून वाचू" असे बाप म्हणाला, तर विश्वासात प्रश्नाला जागा असते, हे तिला कळेल.

पुढच्या आठवड्यात : एकत्र वाचताना मतभेद झाले तर काय करावे?