अंगातला सरस

आमच्या वाड्याच्या दिंडीदरवाजात एक म्हातारे सुतार बसायचे. कोळशाच्या शेगडीवर पाण्याचं पातेलं, त्यात डब्यात वितळत ठेवलेला मधाच्या रंगाचा सरस. बायका नाकाला पदर लावून जायच्या, इतका त्याचा वास. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला चिकट अर्क. पण त्यांनी बसवलेला खुर्चीचा पाय लाकूड मोडलं तरी सांध्यातून निखळायचा नाही.

ग्रीक भाषेत सरसाला ‘कोल्ला’ म्हणतात. त्यावरून कोलॅजन, म्हणजे ज्यातून सरस निघतो ते. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव ते तिसरा हिस्सा या एकाच जातीचा. हाड मोडलेल्या माणसाला पायाचं सूप देतात. ते रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं की सकाळी थलथलीत थिजलेलं मिळतं. हेही कोलॅजनच, उकळून उसवलेलं. (त्वचा तुकतुकीत व्हावी म्हणून हल्ली कोलॅजनची महागडी पावडर खातात. पोटात गेल्यावर तिचे पचून बारीक तुकडे होतात. ती जशीच्या तशी गालावर जाऊन बसत नाही.)

शाळेच्या पुस्तकात याचा धडा ‘संयोजी ऊती’ या नावाने असतो आणि परीक्षेनंतर कुणाच्या लक्षात राहत नाही. हाड, कूर्चा, कंडरा, अस्थिबंध, चरबी, इतकंच काय, रक्तसुद्धा याच गोतावळ्यात मोडतं. इतर ऊतींमध्ये पेशी चाळीतल्या बिऱ्हाडांसारख्या खेटून असतात. इथे पेशी थोड्या आणि मधली भर अफाट. त्या भरीत ताण सोसायला कोलॅजनचे दोर, ताणून परत यायला इलॅस्टिनचे तंतू आणि पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत गर. ‘ऊत’ म्हणजे विणलेलं, हे नाव इथे शोभतं.

आपल्या जुन्या वैद्यांना हे बांधकाम दिसलं होतं. सुश्रुताने शरीरात नऊशे स्नायू मोजले आहेत, आणि त्याचा स्नायू म्हणजे आजच्या मराठीतला मांसल स्नायू नव्हे, तर बांधणारा दोर. फळ्या दोरांनी घट्ट बांधलेली नाव जशी पाण्यावर ओझं पेलते, तसं स्नायूंनी बांधलेलं शरीर भार पेलतं, अशी उपमा त्याने दिली आहे.

नावेवरून आठवलं. वास्को द गामा 1498च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याच्या अंजदीव बेटावरून परत निघाला. येताना मोसमी वाऱ्याने अरबी समुद्र तेवीस दिवसांत पार झाला होता. जाताना वारा उलटा, आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर आल्या. तीस माणसं त्या वाटेवर गेली, काम करण्याजोगे एकेका जहाजावर सात-आठच उरले आणि शेवटी माणसं पुरेनात म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं. हा स्कर्व्ही, आणि स्कर्व्ही म्हणजे कोलॅजनचं दुखणं. कोलॅजनचा पीळ पक्का बसवणाऱ्या विकरांना क जीवनसत्त्व लागतं. बहुतेक प्राणी ते अंगातच बनवतात, माणसाला मात्र ते खावं लागतं. ते मिळालं नाही की नवं कोलॅजन कच्चं पडतं. इंग्रज नौदल अधिकारी अ‍ॅन्सनच्या 1740च्या सफरीत तर एका खलाशाची पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेली जखम पुन्हा उघडली. भरलेली जखम म्हणजे शरीर सतत नव्याने घालत असलेली शिवण असते, हे मला त्या खलाशामुळे कळलं.

हा पीळ नेमका कसा असतो ते उलगडलं मद्रासमध्ये. तरुण प्राध्यापक जी. एन. रामचंद्रन नवा विषय शोधत होते. पाहुणे आलेले शास्त्रज्ञ बर्नाल यांनी कोलॅजनकडे बोट दाखवलं. नमुना मिळाला शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून, कांगारूच्या शेपटीतली कंडरा. चामड्याची संस्था कशी काय, असं वाटेल. पण चामडं म्हणजे तरी कोलॅजनच. कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा नि बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवतात, तेव्हा त्यातलं टॅनिन हेच धागे एकमेकांत गुंतवतं आणि कातडं कुजायचं थांबतं. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी 1954 मध्ये मांडलं की कोलॅजन ही तीन साखळ्यांची वेणी आहे. प्रत्येक साखळीत दर तिसरा मणी ग्लायसिन या अमिनो आम्लाचा, कारण आतल्या चिंचोळ्या जागेत तेवढाच सर्वांत छोटा मणी मावतो. पुढल्या वर्षी त्यांनी हा नमुना सुधारला. तपशिलावर परदेशी मंडळींशी वादही झाले. पण त्रिवेणी टिकली.

त्या एका मण्यावर किती अवलंबून आहे पाहा. ग्लायसिनच्या जागी दुसरा, मोठा मणी आला की वेणी फुगते, आणि मूल जन्मतःच ठिसूळ हाडांचं असू शकतं. कूस बदलताना हाड मोडतं, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो. एलर्स-डॅनलॉस या दुखण्यांच्या घराण्यात (2017च्या वर्गवारीत तेरा प्रकार) सांधे नको तितके वाकतात, कातडी ताणते, सहज फाटते. ‘काय लवचीक आहे पोरगी’ असं कौतुक होत राहतं आणि निदान लांबत जातं.

मार्फान सिंड्रोममध्ये दोष फायब्रिलिन या दुसऱ्या धाग्यात. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ मार्फान यांनी 1896 मध्ये लांबसडक बोटांच्या पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं. जनुक सापडायला 1991 उजाडलं. साधारण पाच हजारांत एकाला हे असतं. उंच अंगकाठी, लांब बोटं, जागचं सरकलेलं डोळ्याचं भिंग. पण जिवावर बेततं ते महाधमनी फुगून फाटण्याने. अमेरिकेची फ्लो हायमन, सहा फूट पाच इंच, 1984च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य जिंकणाऱ्या व्हॉलीबॉल संघाची खेळाडू. 1986च्या जानेवारीत जपानमध्ये सामना चालू असताना बाकावर बसल्या बसल्या कोसळली. मार्फान कळलं शवविच्छेदनात. तिच्या भावाची मग तपासणी झाली, त्याच्यातही तेच निघालं आणि शस्त्रक्रियेने तो वाचला. ज्या उंचीमुळे ती संघात आली, त्या उंचीकडे कुणी डॉक्टरच्या नजरेने पाहिलं नव्हतं.

संयोजी ऊतींच्या दुखण्यांचा दुसरा गट जन्मजात नाही. 1942 मध्ये न्यूयॉर्कचे पॉल क्लेम्पेरर आणि सहकाऱ्यांनी ल्युपस, स्क्लेरोडर्मा असे आजार ‘कोलॅजनचे आजार’ म्हणून एकत्र मांडले. पुढे कळलं की बिघाड कोलॅजनचा नसून शरीराच्या संरक्षणयंत्रणेचा आहे, ती आपल्याच घरावर दगड मारते. ल्युपसच्या दहा रुग्णांतल्या नऊ बायका असतात. नाव मात्र संयोजी ऊतींचंच चिकटून राहिलं. सरसाने चिकटवावं तसं.

स्क्लेरोडर्मा मी मावशीच्या हातांवर पाहिला. नाशिकच्या डिसेंबरात नळाखाली भाजी धुताना तिची बोटं खडूसारखी पांढरी व्हायची, मग निळी, मग लालभडक. घरच्यांनी ‘रक्त कमी आहे’ म्हणून खजूर दिले. कातडी ताठली म्हणून ती त्वचारोगवाल्यांकडे गेली, घशाशी आंबट येतं म्हणून पोटाच्या डॉक्टरांकडे, जिन्यावर धाप लागते म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे. तीन फायली, तीन पिशव्या. प्रत्येकाचं आपल्यापुरतं बरोबर होतं. शरीराची वाटणी अवयवांनुसार झाली आहे आणि हे दुखणं नेमकं अवयवांच्या मधल्या जागेतलं; त्याला कुणाच्या दारात उभं राहायचं ते कळत नाही.

चौथ्या खेपेला एका तरुण संधिवाततज्ज्ञ बाईंनी फायली बाजूला ठेवल्या. मावशीच्या नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून पाहिलं. तिथे केसांच्या पिनेसारखी वळलेली बारीक रक्तवाहिन्यांची रांग दिसायला हवी. मावशीची रांग जागोजागी तुटलेली, काही वळणं फुगलेली. “तोंड उघडा, मावशी. तीन बोटं उभी मावतात का?” दोनच मावली. रक्ताची तपासणी, छातीचा स्कॅन हे सगळं नंतर झालं.

आजार बरा होत नाही, आवरता येतो. फुप्फुसांसाठी गोळ्या आहेत, थंडीत हातमोजे आहेत, बोटातली अंगठी सोनाराकडून कापून आणली. या गणपतीत सारण तिनेच केलं, उकड सुनेने काढली. मग ‘आण इकडे’ म्हणून तिने एक पारी हातात घेतली आणि बराच वेळ खपून मोदकाला सात पाकळ्या पाडल्या. तो मोदक नैवेद्याच्या ताटात मधोमध होता.