विनोदी वक्ता सुचवावा कसा?

आवडलेली गोष्ट दुसऱ्याला सांगितल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. आणि ती विनोदाची असेल तर मुळीच नाही. गंभीर कादंबरी एकट्याने वाचून उशाशी ठेवून देता येते. पण एखाद्या वक्त्याने पोट दुखेस्तोवर हसवले की तो दुसऱ्या कोणाला ऐकवल्यावाचून राहवत नाही. आमच्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावर परीक्षेपेक्षा अधिक चर्चा कशाची होत असेल, तर ती याच विषयाची. कोणाला दूरचित्रवाणीवरची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ प्रिय, कोणाला मोबाइलवर ऐकलेला स्टँडअप, तर कोणी घरातल्या जुन्या कॅसेटमधल्या पु. ल. देशपांड्यांवर पोसलेला. ‘अरे, तू त्याला ऐकच!’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी. समोरचा मान डोलावतो, घरी जाऊन ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी विचारतो, ‘काय रे, त्यात हसण्यासारखे काय होते?’ मग जो वाद जुंपतो तो तास सुरू होईपर्यंत मिटत नाही.

हा वाद का होतो आणि विनोदी वक्ता दुसऱ्याला सुचवायचा तर कसा सुचवावा, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम आपण कोणाविषयी बोलत आहोत ते स्पष्ट करू. ‘हास्यजत्रा’ काय किंवा २०१४ साली सुरू झालेले ‘चला हवा येऊ द्या’ काय, तेथे मुख्यतः प्रहसने असतात. पात्रे अनेक, वेषभूषा, नेपथ्य, पार्श्वसंगीत. एकाचे वाक्य पडले तर दुसरा सावरून घेतो. स्टँडअपवाल्याला ही सोय नाही. एक माणूस, एक ध्वनिक्षेपक आणि समोर अनोळखी लोक. नवशिक्यांना ‘ओपन माइक’मध्ये जेमतेम पाच-सात मिनिटे मिळतात. जो विनोद पडला तो गाळायचा, जो जमला तो घासूनपुसून पुढच्या खेपेला आणायचा. असे करता करता तासाभराचा कार्यक्रम उभा राहतो. मराठीत या प्रकाराला तरुणांमध्ये लोकप्रिय करण्यात २०१६ साली सुरू झालेल्या ‘भाडिपा’च्या मंडळींचा वाटा मोठा आहे.

नाव नवे असले तरी एकट्याने उभे राहून लोकांना हसवणे आपल्याला नवे नाही. पु. लं.नी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर आणली आणि एका माणसाने अख्खी चाळ उभी केली. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात मराठवाड्यातल्या खेड्यातले वऱ्हाड थेट विलायतेला नेले. त्यातली ५२ पात्रे ते एकटे साकारीत. आणि १९६० नंतरच्या काळात शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर व द. मा. मिरासदार या तिघांनी कथाकथन गावोगावी नेले. पाटलांची कोल्हापूरकडची बोली, माडगूळकरांचा माणदेश आणि मिरासदारांची पंढरपूरकडची माणसे, अशी तीन मुलुखांची शिदोरी एका व्यासपीठावर येत असे. हे तिघेही पुढे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले: माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईस, पाटील १९८५ साली नांदेडला आणि मिरासदार १९९८ साली परळी वैजनाथ येथे.

यांतल्या मिरासदारांचे नाव आपण अकलूजकरांनी विशेष अभिमानाने घ्यावयास हवे. त्यांचा जन्म १४ एप्रिल १९२७ रोजी आपल्या अकलूजचा. पुढे ते पुण्यात मराठीचे प्राध्यापक झाले आणि २ ऑक्टोबर २०२१ रोजी निवर्तले. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना मुंबई-पुण्याच्या पाच-सहा स्टँडअपवाल्यांची नावे तोंडपाठ आहेत. पण मराठीतला एवढा मोठा हसवणारा माणूस याच गावात जन्मला, हे त्यांना ठाऊक नाही. त्यांच्याकडे कोणी दुर्लक्ष केले असे नाही. कट्ट्यावर त्यांचे नाव कोणी सुचवलेच नाही, एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकाला हसू येते आणि दुसऱ्याला येत नाही, याचे पहिले कारण म्हणजे विनोद अर्धाच बोलला जातो. उरलेला अर्धा ऐकणाऱ्याने आपल्या पदरचा घालावयाचा असतो. पु. लं.ची ‘म्हैस’ घ्या. एस.टी.च्या गाडीला म्हैस आडवी येते आणि गाडी अडकून पडते, कथानक एवढेच. परंतु ज्याने एस.टी.तून प्रवास केला आहे, गाडी बंद पडल्यावर प्रत्येक प्रवाशाला कसा कंठ फुटतो हे पाहिले आहे, त्याला त्यातले एकेक पात्र ओळखीचे वाटते. आम्ही रोज माळशिरस, नातेपुते, वेळापूर अशा गावांहून एस.टी.ने येणारी मुले. आम्हांला ‘म्हैस’ कोणी समजावून सांगावी लागत नाही. उलट ‘बटाट्याची चाळ’ ऐकताना आमच्यातले काही जण अडखळतात, कारण सामाईक गॅलरी आणि बिऱ्हाडे ही गोष्ट त्यांनी पाहिलेली नाही. म्हणून वक्ता सुचवताना पहिली गोष्ट सांगावी ती ही, की हे समजण्यासाठी काय माहीत असावे लागते. कचेरीतल्या नोकरीवरचा तासभराचा विनोद प्रथम वर्षाच्या मुलाला ऐकवून तो हसला नाही म्हणून त्याला अरसिक ठरवणे अन्यायाचे आहे.

दुसरी गोष्ट, वक्त्याचे हत्यार कोणते ते सांगावे. कोणी गोष्ट सांगतो, कोणी नकला करतो, कोणी वकिलासारखा युक्तिवाद करीत हास्यास्पद निष्कर्षावर आणून सोडतो, कोणी प्रेक्षकांनाच प्रश्न विचारून त्यांच्या उत्तरांवर कोटी करतो. ज्याला गोष्ट हवी त्याला कोट्या करणारा कंटाळवाणा वाटतो. ओघातच लांबीचाही उल्लेख करावा. एका मिनिटाचा तुकडा पाहून वक्त्याची परीक्षा होत नाही. मुरलेला वक्ता सुरुवातीला सहज टाकलेला एखादा शब्द शेवटी असा काही परत आणतो की सभागृह दणाणून जाते. तो तुकडा तेवढाच कापून मित्राला पाठवला तर त्याला काहीच बोध होत नाही. मुख्य म्हणजे विनोदाची कलाटणी आपण फोडू नये. आमचा एक मित्र शिफारस करताना सगळा विनोदच सांगून टाकतो, वर स्वतःच आधी हसतो. त्याने सुचवलेले आम्ही ऐकायचे सोडून दिले आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा वक्ता कोणाला हसतो?

हा प्रश्न सोवळेपणातून आलेला नाही. गेल्या वर्षी एका विनोदवीराचा एक तुकडा आमच्या वर्गात हातोहात फिरला. त्यात ‘गावाकडच्या मुली’च्या बोलण्याची नक्कल होती: न-ण ची गल्लत, हेल काढून बोललेले इंग्रजी. नक्कल हुबेहूब होती, सगळे हसले. आमच्या वर्गातली एक मुलगी जवळच्या वस्तीवरून येते आणि तशीच बोलते. पुढे आठवडाभर तिने तासाला उत्तर दिले की मागच्या बाकावरून त्या तुकड्यातले वाक्य ऐकू येई. आता ती उत्तर देत नाही. उत्तर तिला येते, हे आम्हां सर्वांना माहीत आहे. तो विनोदवीर कोठे दूर बसला आहे. त्याला अकलूजचे नावही ठाऊक नसेल. ते वाक्य येथपर्यंत आणून पोहोचवले ते ‘हे बघच’ म्हणणाऱ्यांनी.

यावर कोणी म्हणेल, मग बोलीभाषेवर विनोद करूच नये काय? तसे म्हटले तर मिरासदार, पाटील आणि लक्ष्मण देशपांडे या सर्वांना निकालात काढावे लागेल. मिरासदारांच्या भोकरवाडीत नाना चेंगट आहे, बाबू पैलवान आहे, गणामास्तर आहे. एकजात रिकामटेकडी माणसे. नसत्या उचापती करून तोंडघशी पडणारी. त्यांची भाषा आपल्या पारावरची आहे. पण तेथे हसू येते ते त्यांच्या फुशारकीचे, भित्रेपणाचे, आपणच शहाणे या समजुतीचे. हे गुण शुद्ध बोलणाऱ्यांतही सापडतात, किंबहुना काकणभर अधिकच. बोली ही त्या माणसांची नेहमीची भाषा आहे, त्यांचा अपराध नव्हे. त्या पारावर आपणही बसलो आहोत असे वाटते आणि म्हणून आपण स्वतःलाही हसतो. वर सांगितलेल्या तुकड्यातून ती बोली काढून घेतली तर खाली हसण्याजोगे काहीच शिल्लक राहत नाही. वक्ता पारखण्याची ही एक सोपी कसोटी आहे. नक्कल वजा करून पाहावी आणि मागे माणूस उरतो का ते बघावे.

प्राध्यापक मंडळींपैकी काहींना वाटते की हल्लीच्या तरुणांना उथळ विनोदच भावतो. मला हे पटत नाही. आजच्या स्टँडअपवाल्यांतही आपले घर, आपली भीती, आपला ढोंगीपणा यांवर धीटपणे बोलणारे आहेत. जुन्या काळीही सवंग विनोद काही कमी नव्हता. तो विसरला गेला, इतकेच. काळाने गाळणी लावून जुने आपल्या हाती दिले आहे. नव्याची गाळणी मात्र आपल्यालाच लावावी लागणार, आणि ती आपण रोज कट्ट्यावर एकमेकांना करतो त्या शिफारशींतूनच लागते.

तेव्हा माझी सूचना एवढीच. ‘ऐकच’ म्हणण्याबरोबर दोन वाक्ये अधिक बोलावीत. आणि माझ्या परीने सुचवायचे झाले, तर असे सांगेन: मिरासदारांची भोकरवाडी. माहिती लागते ती पारावरच्या गप्पांची, जी आपल्या सर्वांपाशी आहे. हत्यार गोष्टीचे. प्रत्येक कथा एका बैठकीत संपते. मोठ्याने वाचली तर अधिक रंगते आणि घरातल्या आजीपासून धाकट्या भावापर्यंत कोणालाही बाजूला उठवावे लागत नाही. हसतो कोणाला, तर आपल्याला. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तक मागून पाहावे. पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनात कोणी एकपात्री करावयाचे मनात आणील, तर ती भोकरवाडीच करावी, आणि ती मागच्या बाकाकडे पाहून करावी.