दुर्बीण घाटाखाली उतरावी

कल्याणहून निघालेला रस्ता मुरबाड, टोकावडे ओलांडून वैशाखऱ्याला येतो, तिथे नाणेघाटाचा कडा समोर उभा राहतो. कड्याच्या वर, जुन्नरच्या बाजूला, देशाच्या खगोलशास्त्राचे मोठे वैभव आहे. खोडद परिसरात ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, तर घोडेगावजवळ गिरावलीला देशभरच्या विद्यापीठांसाठी स्थापन झालेल्या ‘आयुका’ची २ मीटर आरशाची दुर्बीण २००६पासून आहे. ही साधने संशोधनासाठी आहेत आणि तशीच राहावीत. पण विद्यापीठे आणि खगोलमंडळे लोकांसाठी आकाशदर्शन भरवतात, तेव्हा त्यांनी शहरातल्या गच्चीवर न थांबता वैशाखऱ्यासारख्या गावांत यावे. आकाशदर्शनाला दुर्बिणीइतकाच काळोखही लागतो, आणि तो विकत मिळत नाही.

यामागचे शास्त्र सोपे आहे. सहा इंची दुर्बीण आपल्या डोळ्यापेक्षा सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करते. मात्र शहरातल्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशाचा प्रकाशही ती तेवढाच गोळा करते, त्यामुळे फिकट दीर्घिका पार्श्वभूमीतच विरून जाते. शनीची कडी, गुरूचे चंद्र शहरातून दिसतात, आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. याउलट खऱ्या काळोखात देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते, आणि तिचा प्रकाश २५ लाख वर्षे प्रवास करून आलेला असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार मानवजातीतल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही. मुरबाड तालुक्याच्या या टोकाला अजून जो काळोख उरला आहे, तो म्हणूनच मोलाचा आहे.

खेड्यातल्या माणसाला चांदण्या दाखवायला पाहुणे कशाला हवेत, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण मृग नक्षत्राचेच पाहा. ७-८ जूनला मृग लागतो हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते, तरी त्या दिवसांत मृगाचे तारे रात्री दिसत नाहीत, कारण सूर्यच त्या भागात असतो. तेच तारे हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेला ठळक उगवतात. पेरणीचे पंचांग आणि पृथ्वीचे सूर्याभोवती फिरणे यांचा हा सांधा मुलाने स्वतः महिनोन्‌महिने पाहून जुळवला, तर विज्ञान त्याच्यासाठी पाठ करायचा धडा राहत नाही, ताडून पाहायची गोष्ट होते. मोबाइलवरची चित्रे कितीतरी सुंदर असतात हे खरेच, पण चित्रावर विश्वास ठेवावा लागतो, ताऱ्याची जागा मात्र स्वतः तपासता येते.

दुसरा आक्षेप दिव्यांचा. साप-विंचवाच्या भागात उजेड हवाच, तो काढून घेण्याचा अधिकार कोणाला नाही. पण आकाशात जाणारा प्रकाश पायवाटेच्या कामाचा नसतो. वर झाकण असलेला, जमिनीकडे वळवलेला, पिवळसर दिवा वाटही दाखवतो आणि आकाशही राखतो. जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी भोवतालच्या गावांतले दिवे असेच बदलले गेले.

खर्चाचा आणि सातत्याचा प्रश्न उरतो. याबाबत पुण्याचा इतिहास बोलका आहे. तिथल्या सायन्स कॉलेजात १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिची २० इंची दुर्बीण तेव्हा भारतात सर्वांत मोठी होती. ती चालवणारे प्राध्यापक नायगमवाला १९१२मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. १९४४ साली पुण्यातच स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था मात्र हौशी लोकांच्या बळावर आजही चालू आहे. मोठे यंत्र एका माणसाबरोबर थांबले, लोकांची आवड पिढ्या ओलांडून गेली. म्हणून गावात वर्षातून एकदा मोठा सोहळा करण्यापेक्षा पावसाळा संपल्यावर दर अमावास्येच्या आसपास एक संध्याकाळ ठेवावी, शाळेला एक साधी दुर्बीण आणि तारानकाशे द्यावेत, आणि दोन शिक्षक व चार मोठी मुले तयार करावीत. पुढच्या हंगामात तीच मुले आसपासच्या पाड्यांवर आकाश दाखवतील. विद्यापीठाचा कार्यक्रम यशस्वी झाला की नाही, हे किती लोक जमले यावर न मोजता, पाहुणे परतल्यावर गावात आकाशदर्शन चालू राहिले का, यावर मोजावे.