रबाबाचे वारसदार

अरबी भाषेत ‘शाइर’ म्हणजे कवी. परंतु इजिप्तमधील खेडूत हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात पुष्कळदा ग्रंथकर्ता कवी नसतो. हाती रबाब घेऊन बनी हिलाल टोळीची कथा रात्रीमागून रात्री गाणारा गवई असतो. त्याचे वाद्य साधेच. नारळाची करवंटी, तिच्यावर माशाच्या कातड्याचे आच्छादन आणि घोड्याच्या केसांच्या दोन तारा. नारळ काही नाईलकाठचे झाड नव्हे. तरीही करवंटी या परंपरेत पक्की रुजली आहे.

कथेला इतिहासाचा आधार आहे. अरबस्तानातून निघालेल्या या भटक्या टोळ्या अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेत पसरल्या आणि बाराव्या शतकात मोरोक्कोच्या मुवह्हिद सत्तेपुढे त्यांचा पाडाव झाला. चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्दून याने हिलाली काव्याचे नमुने नोंदवून ठेवले आहेत. लोकांनी मात्र इतिहासापेक्षा माणसेच अधिक जतन केली. कथानायक अबू झैद याची आई खद्रा एका काळ्या पक्ष्याचे शौर्य पाहून तसाच पुत्र मागते. मूल काळे जन्मते. पिता रिझ्क तिच्या शीलाविषयी शंका घेतो आणि मायलेकरांना टोळी सोडावी लागते. परक्यांत वाढलेला हा मुलगा पुढे रणांगणात ज्याच्यावर शस्त्र उगारतो, तो त्याचा जन्मदाताच असतो. कुळ, रक्त आणि मान यांना प्राणापलीकडे जपणाऱ्या समाजाने हा प्रसंग पुनःपुन्हा का ऐकावा, हे सांगावयास नको.

नवल आहे ते गाणाऱ्यांचे. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील अल्-बकातूश हे गाव ‘कवींचे गाव’ म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील शाइर घराणी भटक्या जमातीतील मानली जातात. त्यांना शेतजमीन नाही आणि गावकरी त्यांच्याशी सोयरीक करीत नाहीत. अरब कुलाभिमानाचे महाकाव्य ज्यांच्या मुखातून ऐकावयाचे, त्यांनाच कुलीन मानावयाचे नाही! विशेष म्हणजे कथेतील अबू झैद शत्रूच्या मुलखात शिरताना अनेकदा हाती रबाब घेऊन शाइराचाच वेष करतो. तो प्रसंग गाताना गवयाच्या स्वरात जी धार येत असेल, तिच्यामागे केवळ कसब नसावे.

ही विद्या घराबाहेर फारशी गेली नाही. पाचव्या वर्षाच्या सुमारास मूल वडिलांजवळ बसू लागे आणि दहा वर्षे शिके. पोथी नाही, सारे मुखोद्गत. चाल, यमके, श्रोत्यांच्या टोमण्यांना हजरजबाबी उत्तरे, हे सगळे लग्न आणि सुंता यांच्या समारंभांत बापाच्या पाठीशी बसूनच अंगी येई. दक्षिणेकडे, म्हणजे कना, सोहाग या भागांत, कथा चौचरणी कडव्यांत गातात. उत्तरेकडे एकाच यमकाच्या दीर्घ ओळींत. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने 1836 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एकट्या कैरोत अबू झैदची कथा सांगणारे सुमारे 50 शाइर असल्याचे नमूद केले आहे.

विसाव्या शतकात अब्दुल रहमान अल्-अब्नूदी या कवीने दक्षिणेतील वृद्ध शाइरांचे गायन परिश्रमपूर्वक ध्वनिमुद्रित केले. जाबिर अबू हुसैन यांचा आवाज त्यामुळे आकाशवाणीवरून घरोघर पोचला. ध्वनिफितीने कथा राखली खरी, पण श्रोत्याने मध्येच ओरडून दाद दिली तर ती थांबत नाही आणि प्रसंग लांबवीतही नाही. कूसचे सय्यद अद्-दव्वी 2016 साली निवर्तले. युनेस्कोने या परंपरेचा 2003 साली गौरव केला व 2008 साली तिला मानवजातीच्या वारसायादीत स्थान दिले. मात्र दहा वर्षे शिकण्यास तयार असणारी मुले कमीच होत आहेत. पर्यटकांसाठी होणाऱ्या लोककलांच्या कार्यक्रमांत शाइरास थोडाच अवकाश मिळतो. तेवढ्यात अबू झैदचा जन्मही होत नाही.